सत्तावीस नंबरचं रक्त

१

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी फुलांच्या पॅकिंग हॉलमध्ये सत्तावीस नंबरची बाई उभ्या जागी कोसळली. हातात कार्नेशनची जुडी होती. ती हातातच राहिली.

हा हॉल बारा महिने आठ अंशांवर ठेवलेला असतो. फुलांना ऊब सोसत नाही. बाहेर मात्र त्या दिवशी चपलेतून पाय भाजत होते. शेजारच्या टेबलावरच्या दोघी धावल्या, तिची टोपी आणि मास्क ओढून काढला, गालाला हात लावला. त्यातली एक म्हणाली, "अगं बाई, ही तर फुलांपेक्षा गार लागतेय!"

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती रुग्णालयात पोचली. तापमान तेहेतीस पूर्णांक एक. नाडी चव्वेचाळीस. शुद्ध नव्हती. तिच्याबरोबर कारखान्याचा ऑफिसर आला होता आणि त्याच्या हातात एक पाकीट होतं. पाकिटात तीन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीचा रिपोर्ट. रक्त ठीक, साखर ठीक, थायरॉईड ठीक. खाली शिक्का: कामास योग्य.

पाऊण तासाने तिचा नवरा आला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा; हाताला रंग तसाच होता. मागोमाग त्याची थोरली बहीण आली. तीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या पाहून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. हाताखालच्या मुलींनी तिला भिंगबाई म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे घरातही तेच नाव चिकटलं.

भिंगबाई भावजयीच्या खाटेजवळ उभी राहिली. चेहरा सुजलेला. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होऊन जवळजवळ नाहीशी झालेली. कोपराची कातडी कोरडी, खरखरीत. गेल्या वर्षभरात दिवाणखान्यातल्या प्रत्येक बैठकीत ही बाई शाल घेऊन बसली होती आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी हसलं होतं. भिंगबाईसुद्धा हसली होती. "तुला लग्नात शालच मिळाली की काय गं," असं तीच म्हणाली होती.

तिला स्वतःचा संताप आला. पण तो तिने बाजूला ठेवला, कारण डॉक्टर तिच्या भावाला भलताच प्रश्न विचारत होत्या.

"घरात झोपेच्या गोळ्या आहेत का? खरं सांगा. काही भांडण वगैरे?"

२

"भांडण?" भाऊ म्हणाला. "आमच्याकडे भांडण पंख्यावरून होतं. मला हवा असतो, तिला नको असतो. बस्स."

"गोळ्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं?" भिंगबाईने विचारलं.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दारात ऑफिसर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर काळजी.

"मी आपली शक्यता सांगितली," तो म्हणाला. "बाई हल्ली फार मंद झाल्या होत्या. बोलणं जड, हालचाल जड. घरचं काही टेन्शन असेल, माणूस काहीतरी घेतो. आमच्याकडून काही नाही हो. आमचा रिपोर्ट बघा ना, एकदम क्लीन."

डॉक्टर तरुण होत्या, पण शब्द मोजून वापरत. त्यांनी भिंगबाईला बाजूला घेतलं. "तुम्ही याच क्षेत्रातल्या, म्हणून उघड बोलते. सतत थंडी वाजण्याची कारणं पुष्कळ असतात. रक्त कमी असणं, बी-बारा कमी असणं, वजन फार घटणं, साखरेचा आजार, हातापायांना रक्त नीट न पोचणं. पण हा चेहरा, ही नाडी, हे तापमान बघितलं की मला एकच दिसतं. थायरॉईड. तोही टोकाला गेलेला."

"मग औषध सुरू करा."

"तीन आठवड्यांपूर्वी टीएसएच दोन पूर्णांक एक होतं. अगदी नॉर्मल. तीन आठवड्यांत थायरॉईड इतका मरत नाही. हा रिपोर्ट खरा असेल तर मी चुकतेय. आणि मी चुकत असताना ते औषध एवढ्या मोठ्या मात्रेत दिलं, तर या हृदयाला झेपणार नाही. आमचं थायरॉईडचं मशीन बंद आहे, नमुना बाहेर पाठवलाय. उत्तर उद्या सकाळी."

"आणि सकाळपर्यंत ही?"

 डॉक्टरांनी आजच्या रक्ताचा कागद पुढे केला.

भिंगबाईने चष्मा लावला. एका हातात आजचा कागद, दुसऱ्या हातात पाकिटातला. तिची नजर हिमोग्लोबिनवर थांबली नाही. ती खाली, कुणी सहसा वाचत नाही त्या ओळीवर गेली. लाल पेशीचा सरासरी आकार. आज: एकशे दोन. तीन आठवड्यांपूर्वी: एकोणसत्तर.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे रक्त हिचं नाही."

३

"लाल पेशी चार महिने जगते," भिंगबाई म्हणाली. "एकोणसत्तर म्हणजे बारक्या पेशी. एकशे दोन म्हणजे मोठ्या. तीन आठवड्यांत सगळ्या जुन्या पेशी जाऊन नव्या येत नाहीत. मधे कुणी हिला रक्त चढवलेलं नाही. म्हणजे ही दोन वेगळ्या माणसांची रक्तं आहेत."

"किंवा त्या मशीनची चूक," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं पटतंय मला. पण मशीन चुकलं असेल तर थायरॉईडचा आकडा तरीही हिचाच असू शकतो. मला ठाम काहीतरी आणून द्या. हे रक्त हिचं नाही एवढ्यावर भागणार नाही. कुणाचं आहे ते सांगा. मी पुढच्या मिनिटाला औषध सुरू करते."

ऑफिसर अजून बाहेरच्या बाकावर होता. भिंगबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"मागच्या वर्षीचा हिचा रिपोर्ट दाखवता?"

"गोपनीय असतं ते, बाई."

"हिचाच आहे. हिचा नवरा मागतोय."

"लेखी अर्ज द्या. आठ दिवसांत उत्तर मिळेल."

"आठ दिवस!"

"नियम आहे." त्याने समजूत घातल्यासारखा आवाज काढला. "आम्ही बायकांच्या तब्येतीची किती काळजी घेतो, तुम्हाला कल्पना नाही. दर वर्षी तपासणी. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं किंवा दुसरं काही निघालं, तर त्या बाईला आम्ही हॉलमध्ये उभीच करत नाही. बरी होईपर्यंत घरी."

"पगारी?"

"काम नाही तर पगार कसा?"

"आणि बरी झाल्यावर परत घेता?"

"जागा असेल तर. मागच्या वर्षी तिघी गेल्या."

"परत किती आल्या?"

ऑफिसरने घड्याळ पाहिलं. "मला निघायला हवं."

भिंगबाई बाकावरून उठली. आजारी बाईला दारं बंद करायची आणि त्याला काळजी म्हणायचं! तिला वाटलं, याच माणसाने खोटे आकडे छापून घेतले असणार. क्लीन रिपोर्ट, क्लीन कारखाना. पण मग तिघींना घरी पाठवलं कशाला? आकडे खोटेच छापायचे तर सगळ्यांचेच छापता आले असते.

नाही. हे त्याचं काम नव्हतं. त्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. खोटं बोलायची गरज दुसऱ्याच कुणाला तरी होती.

४

रिपोर्टावरची लॅब रुग्णालयापासून दोन चौक पलीकडे, एका चष्म्याच्या दुकानावर होती. रक्त गोळा करणारा माणूस डबा उघडून जेवायला बसत होता. भिंगबाईने ओळख सांगितली तसा तो उठून उभा राहिला.

"तुम्ही बसा, जेवा," ती म्हणाली. "मला त्या दिवशीच्या मशीनच्या नोंदी दाखवा. नावं नकोत."

"नावं नसतातच मॅडम. तिकडे सगळा नंबरांचा कारभार. टोपी, मास्क, जाकीट, जाकिटावर नंबर. डोळे तेवढे दिसतात. मी नंबर वाचतो, ट्यूबवर लिहितो, हात पुढे म्हणतो. अडतीस बायका, दीड तास. मागे सुपरवायझर शिट्टी मारत असतो, चला चला करून."

"म्हणजे चेहरा कुणाचाच बघितला नाहीत?"

"चेहरा बघायला त्यांनीही वेळ दिला नाही आणि मीही मागितला नाही," तो म्हणाला. मग जरा ओशाळला. "चूकच आहे. पण तुम्ही सांगा, महिन्याला अशा वीस कंपन्या. कुठे कुठे भांडू?"

त्याने नोंदी काढल्या. अडतीस ओळी. भिंगबाईचं बोट पेशीच्या आकाराच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं. पंच्याऐंशी, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. एकोणसत्तर. ब्याऐंशी, नव्वद. एकोणसत्तर. पुन्हा एकोणसत्तर. पुन्हा.

बारा नंबर, चौतीस नंबर, नऊ नंबर, सत्तावीस नंबर.

तिने त्या चार ओळी शेवटपर्यंत वाचल्या. हिमोग्लोबिन चौघींचं अकरा पूर्णांक पाच ते अकरा पूर्णांक सातच्या आत. थायरॉईड चौघींचं दोनच्या आसपास. साखरेत दोन-चार आकड्यांचा फरक. अशा बारक्या पेशी काही जणांना आईबापांकडून जन्मतःच मिळतात. त्यांचं काही बिघडत नाही, फक्त पेशी लहान राहतात. एका हॉलमध्ये अशा चौघी सापडल्याही असत्या. पण चौघींचं सगळंच सारखं?

"या चार बायका नाहीत," ती म्हणाली. "ही एकच बाई चार वेळा रांगेत उभी राहिलीय."

डब्यातला घास त्या माणसाच्या हातात थांबला.

"सत्तावीस नंबर," तो हळूच म्हणाला. "आठवलं. शेवटी शेवटी आली होती. दोन्ही कोपरांत आधीच टोचल्याच्या खुणा होत्या. मी विचारलं तर म्हणाली, काल दवाखान्यात गेले होते. मग मी हाताच्या पाठीवरून घेतलं."

"आणि बारा नंबर? ती या चौघींत सगळ्यात आधी आलीय, आठ वाजून पाच मिनिटांनी."

"बाराच्या हातावर काही नव्हतं. कोरा हात. दणकट बाई, शीर कशी दोरीसारखी. अशी शीर मिळाली की आमचा दिवस चांगला जातो."

आपलं रक्त देताना हात कोरा असणार. खुणा नंतर येणार. भिंगबाईने घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. दीडला कारखान्याची जेवणाची सुट्टी.

५

फाटकाच्या आत, कुंपणाच्या जाळीपलीकडे बायका उन्हात बसल्या होत्या. आठ अंशांतून बाहेर आल्यावर सगळ्यांनी जाकिटं काढून मांडीवर घेतली होती. एकही अंगात घालून बसली नव्हती. भिंगबाईच्या मनात आलं, आपली बाई या उन्हातही जाकीट घालून बसत असेल. हॉलमध्ये सगळ्यांनाच थंडी वाजते, म्हणून तिची थंडी कुणाला वेगळी दिसली नाही. पण इथे? इथे तर दिसायला हवी होती.

"बारा नंबर कोण?" तिने जाळीतून विचारलं.

एकदम गप्पा थांबल्या. मग एक रुंद खांद्यांची, चाळिशीची बाई उठली. बाकीच्या तिला पैलवान म्हणत. टेबलं हलवायची असली की तिलाच हाक जायची.

"मी. तुम्ही सत्तावीसच्या वन्सं ना? कशी आहे ती?"

"गार. शुद्ध नाही. आणि डॉक्टर औषध देत नाहीत, कारण तिच्या रिपोर्टावर तुझं रक्त आहे."

पैलवानने मागे वळून बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं. निदान तसं दाखवत होत्या.

"काहीतरी काय बोलता ताई."

"दोन्ही कोपरं आणि हाताची पाठ. बारा, चौतीस, नऊ, सत्तावीस. या क्रमाने. खोटं बोलायचं असेल तर बोल, पण भराभर बोल. माझ्याकडे वेळ नाही."

पैलवान जाळीजवळ आली. तिचा आवाज खाली गेला, पण मऊ झाला नाही.

"मग काय करायचं होतं आम्ही? मागच्या वर्षी तिघींना घालवलं. एकीचं रक्त साडेनऊ निघालं. साडेनऊ! त्यावर ती चार वर्षं काम करत होती. गोळ्या घेऊन दोन महिन्यांत बरी झाली, तर म्हणे जागा भरली. म्हणून यंदा ज्यांना भीती वाटली त्यांची जाकिटं मी घातली. मला काही होत नाही, चार ट्यूब रक्त म्हणजे किती ते. तुमची भावजय तर नकोच म्हणत होती. म्हणाली, मला काही झालेलं नाही, नुसती थंडी वाजते. मीच म्हटलं, तू आधीच सगळ्यांत हळू, तुझं काही निघालं तर पहिला नंबर तुझा. मीच तिचं जाकीट ओढून घेतलं."

"मागच्या वर्षीसुद्धा?"

"मागच्या वर्षी तिचं तिनेच दिलं. तेव्हा बरी होती. यंदा पहिल्यांदाच..." तिने जाळीला घट्ट धरलं. "ताई, मी तिला वाचवायला गेले हो."

भिंगबाईला ओरडायचं होतं. पण कुणावर? समोरच्या बाईवर ओरडून काय उपयोग, हे तिला कळत होतं, आणि ते कळत असल्यामुळेच राग आणखी चढत होता. एका नियमाने अडतीस बायकांना शिकवलं होतं की आजार सांगायचा नाही, लपवायचा. त्यांनी तो इतका नीट लपवला, की डॉक्टरांनाही सापडेना.

"मला तुझी कबुली नको," ती म्हणाली. "तुझा हात हवा. रुग्णालयात चल. तिथलं मशीन पाच मिनिटांत पेशीचा आकार सांगतं. एकोणसत्तर आला की डॉक्टर हलतील."

"आणि नऊ आणि चौतीसचं काय? माझं बाहेर आलं की त्यांचंही येणार."

"त्यांच्या रक्तात काय आहे हे तरी कुणाला माहीत आहे का?"

 तेवढ्यात शिट्टी वाजली. सुट्टी संपली. बायका उठून जाकिटं चढवू लागल्या. पैलवानही जाकीट चढवून वळली आणि हॉलच्या दिशेने चालू लागली.

६

दहा पावलं गेल्यावर ती थांबली. मग उलट फिरून थेट फाटकाकडे आली.

फाटकाशी ऑफिसर उभा होता. तो नुकताच रुग्णालयातून परतला होता.

"कुठे?"

"दवाखान्यात."

"गेटपास?"

"नाही."

"मग आत जा. बाहेर पाऊल टाकलंस तर उद्या यायची गरज नाही."

"साहेब," पैलवान म्हणाली, "ती तुमच्या कारखान्यात पडलीय."

"तिचा रिपोर्ट क्लीन आहे. कारखान्याचा काही संबंध नाही."

भिंगबाई मधे आली. "हे वाक्य तुम्ही लिहून द्याल का? तारीख, वेळ, सही. मला लेखी हवंय. आठ दिवस नकोत, आत्ता."

ऑफिसर तिच्याकडे वळला. तेवढ्यात पैलवान फाटकाबाहेर गेली होती. कारखान्याचं जाकीट अंगावर तसंच होतं आणि भर उन्हात तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी तिने रुग्णालयात हात पुढे केला. दोन चाळीसला मशीनमधून कागद आला. भिंगबाईने तो स्वतः वाचला नाही. डॉक्टरांच्या हातात दिला.

"एकोणसत्तर," डॉक्टर म्हणाल्या. हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक सहा. त्यांनी पाकिटातला रिपोर्ट शेजारी धरला, एकदा वर, एकदा खाली पाहिलं, आणि पैलवानकडे वळल्या. "हे तुमचं?"

"माझं. शपथेवर लिहून देते."

"नंतर. सिस्टर, आधी स्टेरॉईडचं इंजेक्शन. मग नळीतून थायरॉईडचं औषध. पांघरुणं घाला, पण गरम पिशव्या लावू नका, रक्तदाब पडेल."

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. "ताई," तो म्हणाला, "वर्षभर ती म्हणतेय थंडी वाजते. मी तिला स्वेटर आणून दिले. तीन."

"मी रक्ताची माणूस आणि मी तिला चहा करून दिला," भिंगबाई म्हणाली. "उठ. सही करायला बोलावतायत."

७

संध्याकाळपर्यंत कळलेल्या गोष्टी अशा.

बाहेर पाठवलेल्या नमुन्याचं उत्तर अजून आलेलं नाही. डॉक्टरांनी पोलिसांकडे जाणारी नोंद बदलली. गोळ्यांचा उल्लेख काढला. लॅबवाल्याने अडतीस ओळींची प्रत सही करून दिली आणि चार नंबरांची तपासणी पुन्हा करावी असं कारखान्याला लिहिलं. कारखान्याने साडेपाच वाजता उत्तर दिलं ते पैलवानच्या फोनवर: फसवणुकीबद्दल कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा करायला सकाळी दहाला हजर राहावं. नियमाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

भिंगबाईने तो मजकूर दोनदा वाचला. "खुलासा आपण दोघी मिळून लिहू," ती म्हणाली. "आणि प्रश्न त्यांना विचारू. फसवणूक कुणी कुणाची केली ते."

सव्वासहाला नऊ नंबरची बाई रुग्णालयात आली. बाही वर करून प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "माझं स्वतःचं घ्या." हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन निघालं. तिला तिथल्या तिथे बसवून घेतलं. चौतीस नंबरने फोन उचलला नाही. तिच्या घराचा पत्ता पैलवानला ठाऊक नाही; हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नाही.

सात वाजताची नोंद डॉक्टरांनी स्वतः घेतली. तापमान तेहेतीस पूर्णांक सहा. नाडी शेहेचाळीस. नाव घेऊन हाक मारली की पापणी हलते. डोळे उघडलेले नाहीत.